गाडी न लागण्याची गाणी

संगीतात दगडाला पाझर फोडण्याची ताकद असते. भोरहून हिर्डोशीकडं जाणाऱ्या रस्त्यावर या ताकदीचा पडताळा घ्यायला भरपूर दगड आहेत. इरशाद मुजावरनं आपल्या जीपमध्ये अकरा वर्षं रोज संगीत वाजवलं, तेही काच थरथरेल इतक्या आवाजात. दगडांना पाझर फुटला नाही. ते फक्त अधूनमधून रस्त्यावर येऊन बसले.

इरशाद वडाप चालवायचा, म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी जीप. एसटी यायची तेव्हा लोक एसटीनं जायचे, एरवी इरशादच्या जीपनं. एसटी फारशी यायची नाही, त्यामुळे इरशादचं बरं चाललं होतं. पेनड्राइव्हमध्ये हलगी आणि डीजे एकत्र कालवलेली दीडशे गाणी होती आणि त्यातलं कुठलंही गाणं कुठूनही ऐकलं तरी तेच वाटायचं. हलगी चढली की इरशादचा उजवा पाय चढायचा. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. पाय त्याचा असला तरी तो हलगीच्या ताब्यात होता.

अडचण होती ती महेजबीनची. ही इरशादची थोरली लेक, नर्स झालेली, आणि हिर्डोशीच्या बाजूच्या आरोग्य उपकेंद्रात सहा महिन्यांच्या करारावर लागलेली. पुढं ठेवायचं की नाही ते हजेरी बघून ठरणार होतं. घरात पहिल्यांदा कुणाला तरी शिक्क्याच्या कागदावर नोकरी मिळाली होती. इरशादनं पेढे वाटले, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी लेकीला आपल्या शेजारी पुढच्या सीटवर बसवून नेलं. धरणाच्या कडेची वळणं सुरू झाली आणि जीपवाल्याच्या पोरीला गाडी लागली.

दुसऱ्या दिवशीही लागली. तिसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी नेली, मग भरल्या पोटी नेली. आलं झालं, लिंबू झालं. ज्या गोळ्या ती लोकांना द्यायची त्या स्वतः घेऊन पाहिल्या, तर झोप लागली आणि झोपेत गाडी लागली. उपकेंद्रात पोचेपर्यंत तिचा चेहरा असा व्हायचा की बाकावर बसलेले पेशंट उठून तिला जागा द्यायचे. एकदा तर तापानं फणफणलेल्या सखूबाईंनी तिलाच साखरपाणी पाजलं आणि मग स्वतःचा ताप बघून घेतला.

तीन आठवड्यांत पाच खाडे झाले. महेजबीनच्या पर्समध्ये दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एक लिंबू आणि घडी घातलेला राजीनामा असा ऐवज असायचा. राजीनाम्यावर फक्त तारीख घालायची राहिली होती.

"अब्बा, या महिन्याअखेरीला देते."

"एसटीनं जाऊन बघ की."

"एसटीनं पोचेपर्यंत करार संपंल."

इरशाद फडकं घेऊन जीपची काच पुसायला लागला. आपल्याच गाडीमुळं लेकीची नोकरी जातीये, हे कुठल्या तोंडानं बोलायचं?

त्याच आठवड्यात पेनड्राइव्ह बिघडला. इरशादनं तो भोरच्या बाजारात मेव्हण्याकडं, म्हणजे फुरकानकडं नेला. फुरकानचं मोबाईलचं दुकान होतं आणि तो सगळ्यांची गाणी भरून द्यायचा. प्रत्येकाच्या पेनड्राइव्हला तो ओळखीसाठी दोरा बांधायचा, आणि दुकानात दोऱ्याचं रीळ एकच असल्यामुळे सगळ्यांना हिरवा दोरा असायचा. या पद्धतीत काहीतरी कमी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. संध्याकाळी इरशाद घेऊन गेला तो पेनड्राइव्ह प्राथमिक शाळेच्या गोरख गुरुजींचा होता.

सकाळी जीप भरली, इरशादनं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. निदान त्याला तसं वाटलं. मग कुठूनतरी गिटार ऐकू आली, कुणीतरी ओसरीवर बसून वेळ जात नाही म्हणून वाजवावी तशी. एक बाई गायला लागली. दोन ओळींनी एक बाप्या तिच्यात सामील झाला, तोही असा की आत येऊ का विचारून आल्यासारखा.

मागच्या बाकावरून गेनबांनी मान पुढं काढली. "इरशाद, कोन गेलं का रं?"

"न्हाई बाबा."

"मंग गानी अशी का?"

"गप ऐका की जरा," शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या. "इतक्या वर्सांत पयल्यांदा या गाडीत मला माजं बोलनं ऐकू यायलंय."

"त्येच तर म्हनतोय मी," गेनबा म्हणाले.

पुढच्या थांब्यावर बंद करू म्हणून इरशाद ऐकत राहिला. आठ गाणी होती. एका गाण्यात म्हशीमागून चालणारी बाई म्हशीला दिवसभराची हकिकत सांगत होती, आणि म्हैस काही बोलत नाही म्हणून तिला बरं वाटत होतं. एकात दोरीवर एकटाच राहिलेला सदरा होता. पाचव्या गाण्यात बाई शब्द विसरली, बाप्या हसला, तीही हसली, आणि ते हसणं त्यांनी तसंच ठेवलं होतं. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली होती, तीही ठेवली होती. इरशादला आजवरची गाणी अंगावर आल्यासारखी वाटायची. ही दोघं मात्र स्वयंपाकघरात आपापलं काम करता करता एकमेकांशी गात होती. ऐकणाऱ्यानं ऐकलं तर ठीक, नाहीतर भाजी चिरायची होतीच.

आठही गाणी एकदा होऊन दुसऱ्या फेरीतलं सातवं संपलं तेव्हा हिर्डोशी आलं होतं. इरशादनं शेजारी पाहिलं. महेजबीन खिडकीला डोकं टेकवून बसली होती. पिशवी पर्समध्येच होती.

"पोचलो?" तिनं विचारलं. "वळणं कुठं गेली?"

इरशादनं सीटवर बसल्या बसल्या अल्लाचे आभार मानले, मग त्या दोघांचे मानले, आणि मग जरा विचार करून दोऱ्याचं एकच रीळ ठेवणाऱ्या मेव्हण्याचेही मानले.

त्यानंतर गाडी लागली नाही. आठवडा गेला, महिना गेला. गाणी तीच राहिली. गेनबासुद्धा म्हशीच्या गाण्याला "व्हय, व्हय" म्हणायला लागले, आणि पाचव्या गाण्यातलं हसू आलं की सगळी जीप हसायची. सुट्टीच्या दिवशीही इरशाद अंगणात उभ्या जीपमध्ये बसून आठही गाणी ऐकायचा. बायकोनं, नसरीननं, एकदा चहा बाहेर आणून दिला, दुसऱ्यांदा स्वतःचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. दोघं सदऱ्याचं गाणं दोनदा ऐकून मग आत गेली.

महेजबीन नर्स असल्यामुळे तिनं घड्याळ लावून पाहिलं होतं. पूर्वी पाऊण तास लागायचा, आता सव्वा तास.

"अब्बा, तुमी हळू चालवताय."

"मी हाय तशीच चालवतोय. गानी चांगली हायती."

तिनं वाद घातला नाही. सहा महिन्यांनी करार पुढं चालू राहिल्याचा कागद आला, तेव्हा तिनं राजीनामा काढून त्यात लिंबू गुंडाळलं.

आता आभार मानायलाच हवे होते. फुरकाननं मोबाईलवर शोधून काढलं. अल्बमचं नाव 'पाणवठा', गाणारी दोघं नवरा-बायको, इंद्रजित आणि शेफाली, पानशेतला राहणारी. खाली फोन नंबर दिलेला होता. इरशादनं फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग शेफालीताई म्हणाल्या, आजवर या अल्बमसाठी आलेला हा पहिला फोन. नातेवाईकांनाही ऐकलंत का म्हणून आम्हीच फोन करत होतो.

एका रविवारी दोघं पानशेतहून वेल्ह्यावरून भोरला आली, जीपमधून हिर्डोशीपर्यंत जायचं म्हणून. इरशादनं जीप धुतली होती. ठकुबाईंनी आंबेमोहोराची पिशवी आणली होती. गेनबांनी धुतलेली टोपी घातली होती. महेजबीनला सुट्टी होती, तरी ती आली. गोरख गुरुजीही आले, कारण पेनड्राइव्ह मुळात त्यांचा. इरशादचा डीजे त्यांनी परत केला नव्हता. शाळेत तो लावल्यापासून पोरं कवायतीला वेळेवर येत होती.

निघण्याआधी इरशाद उभा राहिला. चार दिवस भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकच वाक्य आठवलं.

"ताई, दादा, तुमच्यामुळं माज्या लेकीची नोकरी राहिली. तुमच्या गान्यानं गाडी लागत न्हाई."

इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं. शेफालीताईंनी महेजबीनचा हात धरला, तो सोडलाच नाही. त्यांना खिडकी दिली, महेजबीन त्यांच्या शेजारी बसली. इरशादनं बटणाकडं हात नेला.

"आमचं नको हो," इंद्रजित संकोचून म्हणाला. "स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तुम्ही आधी काय लावायचा, ते ऐकवा ना."

"न्हाई दादा, ते तुमच्यासारकं न्हाई."

"म्हणूनच तर."

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? गोरख गुरुजींनी खिशातून हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह काढून दिला. महेजबीननं "अब्बा" म्हणून हाक मारली, पण तोवर हलगी सुरू झाली होती. इंद्रजित गुडघ्यावर ताल धरून म्हणाला, वा. इरशादला पाहुण्यांपुढं बरं वाटलं. त्याच्या पायालाही बरं वाटलं.

धरणाच्या कडेला तिसऱ्या वळणावर महेजबीननं पर्स उघडली. पिशव्या दोन होत्या, एक तिनं शेफालीताईंना दिली. दोन्ही वापरल्या गेल्या.