सगळ्यांना एकच मसाला

"बाबा, तुम्ही कशाला जाताय? सोमवारी पार्सल न्यायला रायडर येईल ना."

"परळातच तर आहे. पाय मोकळे होतील," असं म्हणून गंगाधरने लेकीचा फोन ठेवला.

खरं कारण वेगळं होतं. मसाल्याच्या त्या पाकिटावर प्रिती परब असं नाव होतं, म्हणजे जुन्या गिऱ्हाईक नलूताईंची नात. आणि नलूताई दोन वर्षांत दिसल्या नव्हत्या.

गंगाधरचा लालबागमध्ये मसाला कुटायचा डंक होता, पस्तीस वर्षं. होळी झाली की बायका घरी भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन सकाळपासून बाकड्यावर नंबर लावत. आपल्या मसाल्यात दुसरीचा चिमूटभरही जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसत, आणि तोंडाने मात्र अख्ख्या गिरणगावच्या सासवा-सुना कुटून काढत. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, आणि ते गंगाधरला तोंडपाठ. कुणी काही आणायला विसरली, तर तो तिलाच झापायचा. बायको, रमाबाई, गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा या गलक्यानेच त्याला तारलं होतं.

मग लेकीने, मेघनाने, ऑनलाइनचं काढलं. गंगाधरनेही आढेवेढे घेतले नाहीत. आपण काळाबरोबर चालतो, याचं त्याला भारी कौतुक. सगळ्यांना एकच मसाला, छापील पाकीट. बाकडं काढून तिथे पॅकिंगचं मशीन आलं. धंदा वाढला आणि माणूस फिरकेनासा झाला. कधीकधी तो दिवसभर कुणाशीच बोलत नसे. तक्रार तरी कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

परबांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. अठराव्या मजल्यावर प्रितीने दार उघडलं.

"पैसे ऑनलाइन दिलेत, काका."

"हो, ते ठीक आहे. मी..."

"कोण इला गो?" आतून नलूताईंचा आवाज आला.

"पार्सलवाले काका आहेत, आजी."

"उन्हातसून इलो आसतलो. पाणी दी तेका."

प्रितीने पाकीट आत दिलं आणि पाण्याचा ग्लास आणला. नाव सांगायचं ते पाणी पिऊन झाल्यावर, असं गंगाधरने ठरवलं. आत पाकीट फाडल्याचा आवाज झाला.

"ह्यो खयचो मसालो गो?"

"लालबागचाच. तूच म्हणालीस ना, गंगाधरचाच हवा?"

"कायतरीच. आमच्या मसाल्यात दगडफूल मूठभर जास्त लागता, ता तेका ठावक. तेच्या हातचो माका वासावरसून कळता. कोणतरी तेचा नाव लावन विकता. गंगाधर गेलो की काय, कोणाक म्हायत. भलो माणूस होतो."

उंबऱ्याबाहेर गंगाधर ग्लास धरून उभाच राहिला. दोन वर्षांत कुणी त्याची एवढी आठवण काढली नव्हती, आणि नेमकं आता नाव सांगायची त्याला लाज वाटली. तो मसाला त्याचाच होता आणि नलूताईंचं बोलणंही खोटं नव्हतं.

"अजून पाणी हवंय, काका?" प्रितीने विचारलं.

"नको. आजींना सांग, गंगाधर आहे अजून. बरा आहे."

"तुम्ही ओळखता गंगाधरकाकांना?"

"पूर्वी ओळखायचो," तो म्हणाला आणि रिकामा ग्लास त्याने तिच्या हातात दिला.