फरशीचा उतार

माझा मामा पडत नाही. तो फरशीचा उतार बघतो. निदान त्याचं म्हणणं तसं आहे. मागच्या महिन्यात न्हाणीघराच्या दाराशी आडवा सापडला, तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं आणि चेहऱ्यावर पाहणीला आलेल्या इंजिनिअरचा भाव. "पाणी या कोपऱ्यात तुंबणार," म्हणाला. त्याआधी एकदा जेवणाच्या टेबलाखाली होता. तिथे म्हणे तो पायाचा सांधा तपासत होता. टेबलाच्या पायाचा, स्वतःच्या नव्हे.

जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. मामी गेल्यापासून एकटाच राहतो, आणि मी, त्याची मास्तरीण भाची, दर रविवारी जाऊन त्याचं डोकं खाते. मी आणलेली काठी त्याने खिडकीला अडकण म्हणून लावून टाकली. हात धरायला गेले की हात खिशात घालतो. "मी काय कपाट आहे, धरून हलवायला?" निघताना कोपऱ्यावरून वळून बघते, तर खिडकीतून हात केल्यासारखं करतो आणि लगेच गायब. एवढा कंटाळतोस का रे मला, म्हणून मी पुढच्या रविवारी चिडवते.

पण न्हाणीघराशी पडल्यावर दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. हाडं ठिसूळ झाली आहेत, आता खुबा मोडला तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. मी घाबरले. आणि घाबरले की मला आधी राग येतो.

त्या रागातच मी आधाराला धरायचा स्टीलचा दांडा विकत आणला, शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून घेतलं आणि मामा केस कापायला गेला होता तेवढ्यात न्हाणीघरात दांडा ठोकून मोकळी झाले. कुणाला विचारलं नाही. इतकी खूश होते की पुन्हा पुन्हा जाऊन बघून येत होते.

मामा आला आणि दारातच थबकला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"शाळेत भूमिती तूच शिकवतेस ना?"

त्याने दोन बोटांनी दांडा ओढला. तो प्लास्टरसकट हातात आला.

"यावर टॉवेलसुद्धा वाळत घालू नये."

"मग तू लाव."

"मला गरज नाही."

"नसू दे. मी हाच परत ठोकते."

आता मात्र त्याचा जीव वरखाली झाला. सुताराच्या घरात, सुताराच्या भिंतीवर, असलं वाकडं काम! त्याने कानामागे पेन्सिल खोवली, तेव्हाच मी ओळखलं की गाडी रुळावर आली.

"दांडा कुठे लावायचा ते भिंतीला विचारायचं नसतं, हाताला विचारायचं," म्हणाला. दार बसवताना तो गिऱ्हाइकाला आधी समोर उभं करायचा, कडीसाठी हात आपसूक कुठे जातो ते बघायचा आणि तिथेच खूण करायचा. आता गिऱ्हाईक तोच होता. डोळे मिटून उभा राहिला, अंग जरा सैल सोडलं, आणि हात जिथे टेकला तिथे पेन्सिलीने फुली मारली.

मला वाटलं, झालं काम. पण तो न्हाणीघरातून बाहेर आला. पलंगाशी फुली. कपाटाजवळ फुली. स्वयंपाकघराच्या वळणावर, ओट्याच्या कडेला. मी मागून चेष्टा करत चालले होते, ती आता फुल्या मोजायला लागले. यातल्या बऱ्याच जागा मला ठाऊकच नव्हत्या. तिथे तो एकटाच पडला होता आणि एकटाच उठला होता. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"तोंड काय पाडतेस? टेप धर."

मी टेप धरली. शेवटची फुली त्याने रस्त्याकडच्या खिडकीशी मारली.

"इथे कशाला? इथे ना पाणी, ना पायरी."

मामा टेपकडेच बघत राहिला. "रविवारी तू कोपऱ्यावरून वळून बघतेस. मी हात करतो. हात वर गेला की तोल जातो."

"मग नको ना करूस हात!" मी ओरडलेच.

"वा! म्हणजे तू वळून बघणार आणि खिडकीत कुणीच नसणार." त्याने फुलीखाली ठसठशीत रेघ ओढली. "पहिला दांडा इथेच लावू. एका हाताने धरेन, दुसऱ्याने करेन. मग तू कोपऱ्यावर हवी तेवढी उभी राहा."