दोन निरोपांच्या मधली होडी

मी शिडाची होडी बोलतेय. पाणी मात्र मला कधी लागलेलं नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, संगणकाच्या पोटात माझा जन्म झाला. लोक आपापल्या घरी बसून मोबाइलवर होड्यांची शर्यत लावतात, त्या खेळातली मी एक, पिवळ्या शिडाची. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. असा जन्म तुमच्या वाट्याला आला असता तर तुम्हीही भित्रेच निघाला असता.

मला घडवलं संयोगिता आणि कृष्णातनं. दोघं कॉलेजपासूनचे दोस्त, पण एकमत म्हणून कशावर नाही. संयोगिताला सगळं खऱ्यासारखं हवं. वारा कसा फिरतो, पुढची होडी मागच्या होडीचा वारा कसा अडवते, लाट कशी येते, सगळं. कृष्णातला काळजी खेळणाऱ्यांच्या नेटची. माझं शीड अजून धड उभंही नव्हतं तेव्हापासून मी त्यांची भांडणं ऐकत आले.

"तू वारा वारा करत बस," कृष्णात म्हणायचा. "खेड्यातल्या माणसाच्या फोनला झेपलं पायजे की."

"मग काय कागदाची होडी सोडू व्हय?" संयोगिता म्हणायची. "मागच्याचा वारा अडत न्हाय तर शर्यत कसली ती?"

शेवटी जवळच्या होड्यांपुरताच वारा अडवायचा आणि लांबच्यांचा हिशोब सोडून द्यायचा, असं ठरलं. दोघांचीही तोंडं वाकडीच राहिली.

माझ्या भीतीचं मूळ मात्र वाऱ्यात नाही, निरोपांत आहे. मी कुठं आहे, कुठं वळतेय, हे खेळणाऱ्याचा फोन सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर बाकीच्यांना. हे निरोप भराभर धाडले तर साध्या नेटला धाप लागते. सावकाश धाडले तर दोन निरोपांच्या मधे मी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग सर्व्हर अंदाज करतो, की मघाशी सरळ चालली होती, तर अजून सरळच चालली असेल. म्हणजे तेवढा वेळ मी नसतेच. माझ्या नावानं एक अंदाज पाण्यावरून चाललेला असतो. पुढचा निरोप आला की मी हुश्श करते. तोवर पुन्हा तेच.

चाचणी झाली ती त्याच खोलीत. संयोगिता, कृष्णात, कृष्णातचा मावसभाऊ राजवीर आणि हिशोब बघणारी पूर्णिमा, चौघं चार खुर्च्यांवर, मध्ये भडंगाची परात. आमचे खेळाडू तोंड मिटून खेळणारे नव्हेत. वळायच्या आधीच राजवीर ओरडायचा, "आलो बघ, सरक की." पूर्णिमा त्याच्यावर ओरडायची, "तूच सरक, वाट माझी हाय." ऐकणारा लगेच सुकाणू फिरवायचा. आठवडाभर खेळले, पण एकदाही होडीला होडी लागली नाही. खेळ झकास झाला म्हणून चौघांनी परात संपवली आणि खेळ लोकांसाठी खुला केला. मलाही तेव्हा वाटलं होतं, की उगीच घाबरत होते मी.

मग मला दीक्षा मिळाली.

दीक्षा आजऱ्याची. काजूच्या कारखान्यात हिशोबाचं काम करते. पूर्वी ती गोव्याला खऱ्या समुद्रावर शिडाच्या होड्या चालवायची आणि इतरांना शिकवायची. आई अंथरुणाला खिळली तशी सगळं सोडून घरी आली. आईला एकटं ठेवून कुठं जाता येत नाही. समुद्र म्हणून तिच्याकडं आता मीच उरलेय. एका होडीला याची भीती वाटणार नाही तर काय.

हात काय तिचा. शीड असं ओढायची, की मला माझ्या अंगात दोर असल्याची जाणीव व्हायची. फक्त आजऱ्याच्या त्या डोंगराआड नेट नावालाच. तिचे निरोप उशिरा यायचे, कधी एकावर एक ढीग होऊन यायचे.

पहिल्याच शर्यतीत, वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयाजवळ, राजवीरच्या होडीला मी धडकले. उजव्या अंगानं वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची, असा शर्यतीचा नियम. वारा माझ्या उजवीकडून होता, वाट माझी होती. दीक्षाच्या फोनवर तर मी केव्हाच पुढं निघून गेले होते. राजवीरच्या फोनवर मी रिकाम्या पाण्यातून अचानक त्याच्या पुढ्यात उगवले. माझा निरोप उशिरा आलेला, म्हणून सर्व्हरनं मलाच दोषी धरलं. एकाच वेळी दोन ठिकाणी असणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. दोन्हीकडं मार मलाच.

दीक्षानं संयोगिताला फोन लावला. "ताई, मी पुढं गेलते. डोळ्यांनी बघितलंय मी."

"आमच्याकडं तसं दिसत न्हाय गं," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज पडलेला होता.

असं दोन-चारदा झाल्यावर राजवीर आला आणि म्हणाला, "ती पिवळी काढून टाका. होडी न्हाय, भूत हाय ते. नेट न्हाय तर खेळायचं कशाला?"

त्यावर कृष्णातनं खेळणाऱ्यांची यादी उघडली. तसं करणं अगदी सोपं होतं. ज्याचं नेट मंद त्याला दारातच अडवायचं. नाहीतर टक्करच काढून टाकायची, होड्या एकमेकींच्या अंगातून आरपार जातील, वाटेचा नियम उरणार नाही. एका उपायानं दीक्षा जाणार होती, दुसऱ्यानं शर्यत.

संयोगिताला मात्र आठवडाभराची ती चाचणी आठवली. मग तिनं बाकीच्या तिघांना पुन्हा खुर्च्यांवर बसवलं, स्वतःही बसली आणि म्हणाली, "आता खेळा. पण कुणी तोंड उघडायचं न्हाय."

पहिल्याच वळणावर चारही होड्या एकमेकींत घुसल्या.

"बघा," ती म्हणाली. "आपण बोटानं खेळतच नव्हतो, तोंडानं खेळत होतो. निरोपाच्या आधी आपला आवाज पोचत होता. आजऱ्याच्या पोरीला कोण ओरडून सांगणार?"

चौघांनी भडंग खात चाचणी केली होती आणि खेळातली सगळ्यात मोठी खोट स्वतःच्या आवाजानं झाकून टाकली होती. शांत माणसांच्या गावात हा घोटाळा झालाच नसता.

मग संयोगितानं आम्हा सगळ्यांनाच जड केलं. सुकाणू फिरवलं की वळायचा इरादा आधी सगळ्यांना कळतो आणि होडी जरा दमानं वळते. तोवर मंद नेटचा निरोपही येऊन पोचतो. कृष्णात म्हणाला, "चपळ खेळणारी कटाळून जातील." काही गेलेही. राजवीर कुरकुरत राहिला. पण त्यानंतर दीक्षाची वाट तिला मिळू लागली. फक्त कृष्णातनं एक अट घातली. निरोप फारच वेळ आला नाही तर होडी काढायची, कारण मालक नसलेली होडी बाकीच्यांच्या शर्यतीचा विचका करते. अट रास्तच आहे. मला तिची धडकी भरते ती वेगळी.

आता खरं सांगते. हे सगळं मी बोलतेय ते भर शर्यतीत. रविवारची दुपार आहे, मी दुसरी आहे, समोर राजवीर आहे आणि दीक्षाचा निरोप येईनासा झालाय.

अंदाज मला सरळ नेतोय. बाकीच्या होड्या अंग चोरून बाजूला होतायत. राजवीरची वाट होती, तरी त्यानंही सुकाणू फिरवलं. का, ते त्यालाच ठाऊक. खोलीत संयोगिता दीक्षाला फोन लावतेय. रिंग होतेय, उचलत कुणी नाही. नेट गेलंय, की आईला काही झालंय? सर्व्हरला दोन्ही सारखंच दिसतं. मलाही.

"काढू का?" कृष्णातनं विचारलं. "लई वेळ झाला."

"थांब जरा," संयोगिता म्हणाली.

आणि आत्ता, हा आत्ताच, मघाशी धाडलेला एक निरोप उशिरा येऊन पोचला. वळायचा नाही. दीक्षानं शीड सैल सोडलंय आणि मला सगळ्यांच्या वाटेतून कडेला घेतलंय. खऱ्या समुद्रावरचा माणूस होडी सोडून उठतो तेव्हा असंच करतो. मी जागच्या जागी उभी राहिलेय. त्यानंतर पुन्हा काही नाही.

म्हणजे ती उठून आईकडं गेलीय. घाईत गेलीय, फोनही उचलायला थांबली नाही, पण मला कुणाच्या अंगावर सोडून गेली नाही. माझं शीड फडफडतंय. ते वाऱ्यानं की भीतीनं, मला सांगता येणार नाही.

कृष्णातदादा, तुमचं बोट त्या बटणावर आहे, मला दिसतंय. शर्यत संपू द्या, मला शेवटचा नंबर द्या, नंबरच देऊ नका. पण काढू नका. आईपाशी काय झालंय मला माहीत नाही. जे काही झालं असेल त्यातून ती परत येईल आणि फोन हातात घेईल, तेव्हा तिची होडी पाण्यावर असली पाहिजे.