चापाची पारख

जावई निवडतानाही माणूस जितकी चिकित्सा करत नाही, तितकी शरच्चंद्र घाटे पिस्तूल निवडताना करत होते. परवाना कधीचाच हातात आला होता, तरी दर गुरुवारी ते प्रताप नगरातल्या रिकाम्या घराला कुलूप लावून सदर भागातल्या बंदुकीच्या दुकानात येत. शर्टाखाली लपेल असं लहानसं पिस्तूल हवं, एवढंच सांगत. भीती कुणाची, हे दुकानदार रुपरावने कधी विचारलं नाही.

आज त्याने मखमलीवर एक पिस्तूल ठेवलं. "नवीन आलं आहे, साहेब."

मॅगझीन काढून, आत गोळी नसल्याचं दाखवून त्याने ते घाट्यांच्या हाती दिलं, आणि नेहमीसारखी आपल्या जाडजूड पंजात त्यांची मूठ धरली. "झटका नका देऊ जी. हळूहळू ओढा. चाप कधी सुटला, हे बोटालेही कळलं नाही पाहिजे."

बायको गेल्यापासून त्यांचा हात असा दुसऱ्या कुणी धरला नव्हता.

चाप थोडा सैल आला, जरा अडला आणि वाळकी काडी मोडावी तसा सुटला. याहून चांगला चाप मिळणार नव्हता. मुठीवरचा ओरखडाही त्यांनी ओळखला. हेच पिस्तूल मागच्या गुरुवारी होतं, त्याच्या आधीही हेच.

त्यांनी ते जपून खाली ठेवलं.

"जरा जड जातोय."

"मलेही तसंच वाटलं," रुपराव म्हणाला. "पुढच्या गुरुवारी दुसरं येऊन राहिलं."