जोतीराम फिटरची लेक

“आधी बघायचं, मग पुसायचं. एकदा का फडकं फिरवलं, की आत काय झिजत हुतं ते देवाला बी सांगता यायचं न्हाई.”

हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सखाली हात घातला की संयोगिताला आबांचा हा आवाज हमखास ऐकू यायचा. आबा, म्हणजे जोतीराम फिटर, पलटणीत हेलिकॉप्टरं दुरुस्त करायचे. रिटायर होऊन वाईजवळच्या गावी आले, तेव्हा ट्रॅक्टरच्या काळ्या तेलात लोहचुंबक बुडवून त्यांनी लेकीला यंत्राची नाडी बघायला शिकवलं. तीच लेक आता शिकून, परवाना घेऊन, भाड्यानं हेलिकॉप्टर देणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाली होती.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका मैदानावर नवरा-नवरीला नवऱ्याच्या गावी न्यायला हेलिकॉप्टर उभं होतं. संयोगितानं गिअरबॉक्सचा प्लग फिरवून बाहेर काढला. अंगठ्याएवढा प्लग, टोकाला चुंबक. तेलातून वाहणारा लोखंडाचा कण न् कण त्याला येऊन चिकटतो. आज टोकावर करडी साय होती, काजळासारखी मऊ. तिनं ती चिमटीत चोळली. कुठं टोचलं नाही. गिअरच्या दात्यांची ही नेहमीची झीज. चकाकणारी कपची निघाली असती तर गोष्ट वेगळी होती.

“काय म्हणतंय?” वैमानिक कॅप्टन नाथाजींनी विचारलं.

‘चुरा आहे’ एवढं तिनं खोटंच म्हटलं असतं, तर नाथाजींनी मुकाट्यानं चावी खिशात टाकली असती. आणि लालासाहेबांची वरात मैदानातच बसली असती.

लग्न लालासाहेबांच्या मुलाचं होतं. वाईजवळच्या त्याच गावात त्यांचा खाजगी साखर कारखाना. पलटणीतून आल्यावर आबा तिथंच फिटर होते. टर्बाइनचा आवाज बिघडला, ते थरथरायला लागलं, तेव्हा आबांनी बंद करा म्हणून सांगितलं. गाळपाचे दिवस. लालासाहेबांनी चालूच ठेवायला लावलं. टर्बाइन फुटलं आणि आबा जागच्या जागी गेले. रक्त वाळायच्या आत लालासाहेबांनी गावात सांगितलं, “जोतीराम पेलेला हुता. त्याच्याच हातानं घोटाळा झाला.”

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळकरी माणूस दारू प्यायला, असं मालकानंच सांगितल्यावर भजनी मंडळी मयताला आली नाहीत. टाळ नाही, मृदंग नाही. आबा मुक्यानंच स्मशानात गेले. संयोगिता तेव्हा कॉलेजात होती. त्या दिवसापासून देवापुढं दिवा लावला की ती न चुकता एकच गोष्ट मागायची. आणि ते काही लालासाहेबांचं भलं नव्हतं.

आज तो माणूस तिच्या चिमटीत आला होता. हातातला प्लग तिनं उन्हात धरला आणि मनातल्या मनात ‘चुरा आहे’ हे दोन शब्द चघळून बघितले. गोड लागले. पण आबा खोटं बोलणारे फिटर नव्हते. आज त्यांची लेक खोटं बोलली असती, तर जोतीरामाच्या हातातच खोट होती हे लालासाहेबांचं म्हणणं खरं झालं असतं. तिला सूड हवाच होता, पण देवपूजेच्या तांब्यासारखा घासलेला, लख्ख.

“ठीक आहे,” ती म्हणाली. टोक पुसलं, प्लग बसवला, तो ढिला होऊ नये म्हणून तारेनं बांधला. इंजिन चालू करून जमिनीवरच फिरवून बघितलं, बंद करून पुन्हा प्लग काढला. स्वच्छ. परत बसवून, बांधून मग सही केली.

दुपारी वाजतगाजत वऱ्हाड आलं. नवरा विश्वजीत आणि नवरी शिवांजली आत जाऊन बसले. मागून फेट्याचा तुरा सावरत लालासाहेब आले.

“फेटा काढून हातात घ्या, काका. पंख्याच्या वाऱ्यानं उडंल,” संयोगिता म्हणाली.

“तू बघतीस व्हय मशीन?” लालासाहेब कौतुकानं हसले. “बोलण्यावरनं आमच्याच भागातली वाटतीस. कुणाची गं तू?”

“जोतीराम फिटरची.”

लालासाहेबांचा हात फेट्यावरच राहिला.

“या ना, बसा,” ती म्हणाली. प्रसाद द्यावा तसा तिचा आवाज मऊ होता. “तुमच्या कारखान्यातल्या टर्बाइनचंच हे भावंड. ते वाफेवर फिरायचं, हे आगीवर. आतलं चाक इतक्या जोरात फिरतं की एक पातं सुटलं, तर पत्रा कापडासारखा फाटतो. तुम्ही बघितलंयच म्हणा. आणि वर तो मोठा नट दिसतोय? सगळा पंखा त्या एका नटाच्या जिवावर. सकाळी मीच तपासलाय.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. लालासाहेबांच्या कपाळावर घाम आला. ते नाथाजींकडं वळले.

“कॅप्टन, दुसरं कुणी न्हाई का बघाय?”

“कशाला? यांच्या सहीवर मी रोज उडतो. मला बी घरी बायकापोरं हायत.”

“दादा, चला की,” आतून विश्वजीतनं बापाला हाक दिली. “गावात समदी खोळंबल्यात.”

जतहून आलेला, नवरीकडचा एक म्हातारा पुढं झाला. “व्याही, भ्या वाटत आसंल तर आमची मेंढरं न्यायची गाडी मोकळी हाय.”

वऱ्हाड खदखदून हसलं. लालासाहेब हसले नाहीत. ते संयोगिताच्या जवळ आले, आवाज खाली आणला.

“तू रागात हाईस.”

“आहे.”

“मग मी भरोसा कसा ठिवू?”

“ते तुम्ही ठरवा.” तिनं मात्र आवाज खाली आणला नाही. “हे काम मला आबांनी शिकवलं. ते पिऊन मशीनला हात लावत असतील, तर त्यांच्या हाताखाली शिकलेलीच्या मशीनमध्ये बसू नका. सुनेला आणि लेकालाही उतरवा. पीत नसतील, तर बसा.”

शिवांजलीनं दारातून डोकं बाहेर काढलं.

“मामंजी, काय झालं? कोण पीत होतं?”

लालासाहेबांनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा वरच्या पात्यांकडं. फेटा काढला, काखेत धरला.

“पेला नव्हता,” ते पुटपुटले.

“वऱ्हाडाला ऐकू गेलं नाही, काका.”

“जोतीराम पेला नव्हता.” या खेपेला सगळ्यांना ऐकू गेलं. “तो बंद करा म्हणत हुता. मीच चालू ठिवाय लावलं.”

हेच वाक्य ऐकायला संयोगितानं किती दिवे लावले होते. पण ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं, इथं सांगलीत आबांना ओळखतंय कोण?

“गावात सांगा,” ती म्हणाली. “माझ्या आईच्या दारात. भजनी मंडळींना बोलावून.”

“सांगतो.”

“कवा?” आता तिच्या तोंडून गावचाच शब्द गेला.

“आज. उतरलो की आधी त्येच. शब्द देतो.”

ती बाजूला झाली आणि लालासाहेब वर चढले. त्यांचा पट्टा तिनं स्वतः आवळला आणि समोरच्या सीटवर बसली.

हेलिकॉप्टर उसाच्या शिवारांवरून निघालं. दुपारच्या उन्हानं हवा उसळत होती. मशीनला पहिला हिसका बसला तसे लालासाहेबांनी डोळे विस्फारून तिच्याकडं बघितलं. ही नुसती तापलेली हवा आहे, काका, एवढं ती सांगू शकली असती. सांगितलं नाही. मांडीवर हात ठेवून तिनं नामस्मरण सुरू केलं. त्यांना वाटलं असेल, ही सगळ्यांना वाचवण्यासाठी देवाला विनवतेय. देवा, क्षमा कर, ती मनात म्हणत होती, पण असला अजून एक हिसका दे.

देवानं दिला. चांगला दणदणीत. लालासाहेबांनी फेटा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

गावच्या माळावर हेलिकॉप्टर अलगद टेकलं. पाती थांबली तसा बँड सुरू झाला. ओवाळायला बायका पुढं आल्या, विश्वजीत आणि शिवांजली उतरून त्यांच्यात मिसळले. संयोगिता मशीनजवळच थांबली. इंजिन निवेपर्यंत तिला हलता येत नव्हतं, आणि हात धरून लालासाहेबांना न्यायची तिची इच्छाही नव्हती. द्वेष होता तिथंच होता. फक्त आता त्याला घाई नव्हती.

लालासाहेब शेवटी उतरले. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घालायला गेलं, तो त्यांनी हातानंच दूर केला. भजनी मंडळातले केरबा गर्दीच्या कडेला उभे होते. लालासाहेब त्यांच्यापाशी गेले.

“केरबा, मंडळींना घेऊन चल माझ्यासंगं.”

“कुठं, मालक?”

“जोतीरामाच्या घरी.”

केरबांनी गर्दीतल्या टाळकऱ्यांना हाक मारली. बँड वाजतच होता. फेटा काखेत, उघड्या डोक्यानं, लालासाहेब वरातीकडं पाठ करून खालच्या आळीच्या वाटेला लागले.