पैकीच्या पैकी

साबणाच्या वडीवर कोरलेली अक्षरं रोजच्या वापरात चौथ्या-पाचव्या दिवशी पुसट होतात आणि आठवडाभरात नाहीशी होतात. बाबांच्या न्हाणीघरातली वडी मी दहा दिवसांपूर्वी स्वतः वेष्टनातून काढून ठेवली होती. अक्षरं जशीच्या तशी होती. कडा धारदार होत्या आणि मधोमध एक बारीक, कोरडी भेग गेली होती.

मी वडी जागेवर ठेवून बाहेरच्या खोलीत आले. तिथे नर्स बाबांची पाहणी करत होती.

ही पाहणी माझ्याच कार्यालयाची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आपल्याच घरी राहता यावं म्हणून कुणाला काय मदत द्यायची, याचं आमच्या भागाचं नियोजन मी करते. बावीस प्रश्न आहेत, तेही मीच काढलेले. 'जमतं' याला दोन गुण, 'कष्टाने जमतं' याला एक, 'जमत नाही' याला शून्य. आंघोळीला शून्य पडलं, की रोज सकाळी अर्धा तास मदतनीस येतो. यादी शुक्रवारी बंद होणार होती, पुढची एकदम वर्षभराने. घरचं प्रकरण म्हणून नर्स दुसऱ्या भागातली बोलावली होती. मी फक्त मुलगी म्हणून हजर, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

बाबांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पाहणीची तारीख आम्ही पत्राने कळवतो, त्यामुळे त्यांची तयारी झाली होती. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. हात न टेकता खुर्चीतून उठा म्हटल्यावर ते उठले. सराव केला असावा. खुर्चीसमोरची चटई एकाच जागी चुरगळली होती. स्वयंपाक जमतो. जिना जमतो. आंघोळ?

"रोज. त्यात काय विशेष?"

नर्सने दोन गुण मांडले.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"चव्वेचाळीस, सर."

"पैकीच्या पैकी," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी प्रगतिपुस्तक हातात घेऊन मी त्यांच्याकडे असंच पाहत असे.

नर्सने मला विचारलं, घरच्यांना काही सांगायचंय का.

तीन महिने मी काही विचारलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवरचा ओला पंचा दिसत होता, न्हाणीघरातली कोरडी फरशी दिसत होती. विचारलं असतं तर पुढचा प्रश्न त्यांना माझ्या दोन खोल्यांत आणण्याचा आला असता. तिसरा मजला, आणि मी सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाहेर. आमच्या दोन्ही घरांत मिळून दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलली जातात, त्यातली निम्मी फोनवर: जेवलात का, जेवलो.

मी आत गेले, वडी आणून टेबलावर ठेवली.

बाबांनी आधी वडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही हेरगिरी कधीपासून?"

मग त्यांनी सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी पाय घसरला होता. नळाला धरून उठता येईपर्यंत दोन तास ते फरशीवर बसून होते. वेळ जावा म्हणून भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या, एकशे बारा. त्यानंतर पंचा ओला करून अंग पुसत होते. मला सांगितलं असतं तर मी त्यांना इथून उचललं असतं, असं त्यांचं गणित होतं.

"बाबा, या पेपरात नापास होणाऱ्यालाच घरी राहता येतं."

"मग असला कसला पेपर काढलास? आणि वर तारीख सांगून."

आधीच्या पाहणीत दोनशे सातपैकी एकशे त्रेसष्ट जणांना आंघोळीला दोन गुण होते. अहवालात मी त्याला समाधानकारक म्हटलं होतं. त्या एकशे त्रेसष्ट घरांतले साबण कुणी पाहिले नव्हते.

नर्सने पेनाचं टोपण काढलं. "सर, ताईंच्या सांगण्यावरून मला खोडता येणार नाही. तुम्हीच सांगावं लागेल."

बाबांनी वडी उचलली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ती परत टेबलावर ठेवली, कडेला अगदी समांतर.

"खोडा," ते म्हणाले. "आंघोळ मला एकट्याला जमत नाही. माणूस पाठवा."