राखीव कप्तान

अंतराळवीरांच्या यादीत नाव लागून चौदा वर्षं झाली होती, आणि मी एकदाही वर गेलो नव्हतो. तीनदा राखीव कप्तान झालो. राखीव माणसाने सगळं शिकायचं, मापाचा पोशाख शिवून घ्यायचा, आणि उड्डाणाच्या दिवशी खाली उभं राहून हात हलवायचा. पन्नाशी ओलांडली होती. पुढच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर मला काढणार, हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मलाही.

त्या मार्चमध्ये बैकानूरच्या उड्डाणतळावर मी चौथ्यांदा राखीव होतो. मुख्य कप्तान आर्काडी वेश्निन माझा शेजारी, आमच्याच इमारतीतला, तीन मजले खालचा. बायको वारल्यावर त्याने मुलगी एकट्याने वाढवली. तो सरावाला बाहेर गेला की क्सेनिया आमच्याकडे जेवायची. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि यारोस्लाव्हलला घरं बांधण्याचं शिक्षण घेत होती.

उड्डाणाआधी दोन आठवडे आम्हा सगळ्यांना विलगीकरणात ठेवतात, म्हणजे कोणाचा सर्दी-खोकला लागू नये. न्याहारीला आर्काडी मुद्दाम माझ्यासमोर बसायचा.

"दामिर, मला सकाळी एक शिंक आली बघ."

"मग?"

"काही नाही. तुझ्या मनात लाडू फुटले असतील, म्हणून सांगितलं."

सगळे हसायचे. मीही हसायचो. लाडू फुटत नव्हते असं मी म्हणणार नाही.

त्या वर्षी जगभर घाई चालली होती. चिनी लोक चंद्राची तयारी करत होते, अमेरिकेत कंपन्या तिकिटं विकत होत्या, आमच्याकडे शिकून गेलेले भारतीय वैमानिक स्वतःच्या यानाची वाट पाहत होते. आमच्या यानातली तिसरी जागाही एका खासगी कंपनीने आपल्या पाहुण्यासाठी विकत घेतली होती. तारीख हलवायची नाही, असा वरून निरोप होता.

मंगळवारी सकाळी आर्काडीच्या बहिणीचा, नीनाचा, मला फोन आला. मुख्य चमूचे फोन आदल्या दिवशीच जमा करून घेतले होते.

"दामिर, क्सेनियाची बस बर्फावरून घसरली," ती म्हणाली. "डोक्याला मार आहे. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस, फार तर चार. मी त्याच्या ऑफिसात तीनदा फोन केला. 'कळवतो' म्हणतात. ते कळवणार नाहीत. तू सांग त्याला."

मी "हो" म्हणालो. मग आर्काडीच्या खोलीकडे न जाता आधी साहेबांकडे गेलो. विताली सेम्योनोविच आमच्या तयारीचे प्रमुख होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"मला हे अजून अधिकृतपणे कळलेलं नाही," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर मी अडवणार नाही. तो लगेच उतरेल, आणि जागा तुझी. तुझा पोशाख तयार आहेच."

"साहेब, मी त्यासाठी आलो नाही."

"मी कुठे म्हटलं तसं? पण बाकीचे म्हणतील. जन्मभर म्हणतील. बघ बाबा."

त्या दिवशी मी तीन वेळा आर्काडीच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा त्यानेच दार उघडलं.

"काय रे, फेऱ्या कसल्या मारतोस? चेहरा का उतरलाय?"

"पोट बिघडलंय."

"राखीव माणसाचं पोट बिघडलं तरी कोणाला काय फरक पडतो," तो म्हणाला, आणि मला आत बोलावून चहा दिला. क्सेनियाने पाठवलेलं एक चित्र त्याने बरोबर न्यायच्या सामानात ठेवलं होतं. ते दाखवलं. नदीकाठचं घर होतं. मी चहा संपवला आणि उठलो.

बुधवारी नीनाचा पुन्हा फोन आला. "तिने डोळे उघडले होते. बाबा कुठे, विचारलं. सांगितलंस ना तू?"

"सांगतो," मी म्हणालो. मनात म्हटलं, डोळे उघडले म्हणजे वाचेल. वाचली तर माझ्या गप्प राहण्याने कोणाचंच काही बिघडणार नाही.

गुरुवारी दुपारी यान उडालं. धूर विरेपर्यंत मी हात हलवत होतो. क्सेनिया शुक्रवारी संध्याकाळी गेली. आर्काडीला ते रविवारी सांगितलं, साहेबांनी, अंतराळातल्या तळाशी बोलून. त्याने म्हणे दिवसाच्या कामांची यादी मागितली.

साडेसहा महिन्यांनी तो कझाकस्तानच्या माळावर उतरला. महिनाभराने, तो जरा चालू-फिरू लागल्यावर, मी त्याला भेटायला गेलो. तो खिडकीपाशी बसला होता. हडकुळा झाला होता.

"नीनाने तुला कधी फोन केला?" त्याने विचारलं.

"मंगळवारी सकाळी."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत मी तिच्या उशाशी असतो."

"हो."

"साहेबांनी अडवलं?"

"नाही."

"मग?"

"लोक म्हणाले असते, जागेसाठी मित्राला खाली उतरवलं."

आर्काडीने खिडकीतून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "कोण लोक?"

मी इतकी वर्षं ज्यांना भीत होतो त्यांतला एकही माणूस मला त्या क्षणी आठवेना.

"तू जागा चोरली असतीस ना दामिर, तर मी तुझे पाय धरले असते," तो म्हणाला. "जा आता."

तपासणीत मी कसाबसा पास झालो. पुढच्या वसंतात मला कप्तान म्हणून पाठवलं. एकशे नव्वद दिवस राहिलो. सगळे विचारतात, कसं वाटलं. पृथ्वी सुंदर दिसते, हे खरं आहे. यारोस्लाव्हलवरून जाताना मी दर वेळी दुसऱ्या खिडकीशी जाऊन काहीतरी काम करायचो.

आर्काडीने नोकरी सोडली, पण घर सोडलं नाही. परवा लिफ्टमध्ये तो आधीपासून होता, हातात पाव आणि दुधाची पिशवी. मी आत शिरलो. बटणं त्याच्या बाजूला होती.

"कितवा मजला?" त्याने विचारलं. लहानपणापासून त्याची मुलगी आमच्याकडे जेवायला त्या मजल्यावर धावत चढत आली होती.

"नववा," मी म्हणालो.

त्याने बटण दाबलं, आणि सहाव्यावर उतरून गेला.